लेथचा भाग मिळतो, डोळा मिळत नाही

घोटावडे परिसरातील अनेक तरुण पिरंगुटच्या कारखान्यांत काम करतात. हातात कसब आले की घरच्या पडवीत स्वतःचे लेथ मशीन असावे, असे काहींना वाटते. नवे परवडत नाही, मग जुने, गंजलेले आणून दुरुस्त केले जाते. ही यंत्रे मोठी दणकट! हरिहरला १९४१ साली सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करची लेथ कारखाना बंद पडल्यावरही वर्कशॉपमधून फिरताना दिसतात. छंद उत्तमच. पण तो करताना डोळे सांभाळावेत, म्हणून हा लेख.

गेल्या पावसाळ्यात असाच एक तरुण माझ्याकडे आला. जाम झालेली पिन छिन्नी-हातोड्याने काढताना डोळ्यात काहीतरी उडाले होते. आईने पदराने डोळा पुसला, दुखणे थांबले. "डॉक्टर, नुसते थेंब द्या," तो म्हणाला. तपासले तर बुबुळावर बारीक छेद होता आणि बाहुली किंचित वाकडी झाली होती. डोळ्यावर दाब न देता कडक आच्छादन लावून त्याला त्याच दिवशी पुण्याला नेत्रतज्ज्ञांकडे पाठविले. डोळ्याच्या आत लोखंडाचा कण निघाला. शस्त्रक्रियेने नजर बरीचशी वाचली. ग्राइंडर चालवताना तो चष्मा लावत असे. "दोनच ठोके मारायचे होते," म्हणून त्या वेळी लावला नव्हता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ग्राइंडर किंवा वायर ब्रशचा कण बहुधा बुबुळावर रुततो. डोळा खुपतो, पाणी येते आणि कणाभोवती गंजाचे कडे धरू लागते. हातोड्याच्या ठोक्याने उडालेली कपची मात्र वेगाने आत शिरते व कधी कधी फारशी दुखतही नाही. आत राहिलेले लोखंड गंजते आणि पुढील काही महिन्यांत दृष्टिपटल निकामी करू शकते. दुखत नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये.

काय करावे?

१. ठोकताना, घासताना व लेथ चालवताना बाजूने बंद असलेला सुरक्षा चष्मा लावावा. नंबरचा साधा चष्मा पुरेसा नाही.

२. कण गेल्यास डोळा चोळू नये. काडी, पदर किंवा जिभेने कण काढू नये. वरवरची धूळ असेल तर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा.

३. ठोकताना कपची उडाली असेल, तर धुणे वा दाबणे टाळून डोळा झाकावा व ताबडतोब नेत्रतज्ज्ञांकडे जावे. लोखंडाचे काम करत होतो, हे आवर्जून सांगावे. शंका असताना एमआरआय केल्यास चुंबकाने कण हलू शकतो.

४. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासू नये, ओला करून खरवडावा. मुलांना दूर ठेवावे व कामाचे कपडे वेगळे धुवावेत.

५. चालू लेथवर हातमोजे, अंगठी, मफलर, सैल बाह्या नकोत. चकची चावी चकमध्ये विसरू नये.

तो तरुण आता पुन्हा लेथवर काम करतो. मशीनच्या खटक्याशेजारी त्याने खिळा ठोकला आहे आणि त्यावर चष्मा टांगला आहे. चष्मा डोळ्यांवर चढल्याशिवाय खटका दाबायचा नाही, हा त्याचा नियम. वाचकांनीही तो जरूर पाळावा.