पोलादी पुलाची घडणी आणि उभारणी

पोलादी पूल एका अर्थाने दोनदा बांधला जातो. एकदा कारखान्यात आणि नंतर नदीवर. कारखान्यात पोलादाच्या पट्ट्या कापून, त्यांना भोके पाडून पुलाचे सुटे भाग तयार करतात. या कामास घडणी म्हणतात. हे भाग जागेवर नेऊन एकमेकांस जोडणे म्हणजे उभारणी. दोन्ही कामे बहुधा वेगळी माणसे, वेगळ्या गावी करीत असतात आणि खरी अडचण येथूनच सुरू होते.

एकसारख्या मापाचे सर्व भाग एकदम काढणे कारखान्याला परवडते. उभारणी करणाऱ्याला मात्र काठालगतचा भाग आधी हवा असतो, त्यापुढचा नंतर. मधला एकच भाग आला नाही, तर शेकडो टन पोलाद आवारात पडून राहते व यारी रिकामी उभी राहते. म्हणून नकाशातील प्रत्येक भागास खूणक्रमांक देऊन तोच क्रमांक पोलादावर रंगवितात. महत्त्वाचे सांधे कारखान्यातच एकवार जुळवून पाहतात. रिव्हेटचे भोक रिव्हेटपेक्षा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरने मोठे असते. उलट १०० मीटर लांबीचे पोलाद तापमान १० अंश सेल्सिअसने वाढताच सुमारे १२ मिलिमीटर लांबते. तेव्हा माप कोणत्या तापमानाला घेतले, हेही दोन्हीकडे ठाऊक असावे लागते.

परंतु क्रम आणि माप यांहूनही नाजूक बाब आहे ती निरोपाची. कॅनडातील क्वेबेक येथे सेंट लॉरेन्स नदीवर १८०० फुटांच्या गाळ्याचा पूल उभारला जात होता. तीरावरून पुढे पुढे सरकणाऱ्या बाहूंचा हा पूल होता. घडणी अमेरिकेतील फीनिक्सव्हिल येथे होई आणि सल्लागार अभियंता थिओडोर कूपर न्यूयॉर्कला राहत असे. गाळा आधी १६०० फुटांचा ठरला होता. तो वाढविल्यावर पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब नव्याने केला गेला नाही. वजन अंदाजापेक्षा जास्त भरते हे उमगले, तोवर बरीच घडणी होऊन गेली होती.

१९०७ च्या उन्हाळ्यात खालच्या दाबपट्ट्यांना बाक दिसू लागला. हा बाक कारखान्यातूनच आला, की उभारणीनंतर पडला, यावर वाद झाला. भाग कारखान्यातून निघताना सरळ होता अशी निर्विवाद नोंद उभयपक्षी असती, तर वादाला जागाच उरली नसती. ऑगस्टअखेर एका पट्टीचा बाक पाऊण इंचावरून सव्वादोन इंचांवर गेला. तपासनीस नॉर्मन मॅक्ल्यूर स्वतः न्यूयॉर्कला गेला. २९ ऑगस्ट रोजी कूपरने आणखी भार चढवू नये अशी तार केली. पण ती फीनिक्सव्हिलला, पुलावर नव्हे. जागेवरचे काम चालूच राहिले. त्याच दिवशी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास पूल कोसळला आणि ७५ माणसे दगावली. काम तत्काळ थांबविण्याचा अधिकार जागेवर कोणापाशी आहे, हे तेथे कोणी स्पष्ट केलेच नव्हते.

कलकत्त्याचा हावडा पूल याच जातीचा. त्याचे काम १९३६ मध्ये सुरू झाले. मधला गाळा १५०० फूट. दोन बाजूंचे बाहू प्रत्येकी ४६८ फूट आणि त्यांच्या दरम्यान ५६४ फुटांचा टांगता भाग. सुमारे २६,५०० टन पोलादापैकी बहुतेक टाटांच्या कारखान्याने पुरविले. महायुद्धामुळे इंग्लंडमधून फारसे मिळणे शक्य नव्हते. ब्रेथवेट, बर्न व जेसप या कंपन्यांच्या संयुक्त संस्थेने कलकत्त्यातील चार कारखान्यांत घडणी केली. चार ठिकाणी पाडलेली भोके एका सांध्यात जुळायची, म्हणजे चौघांचे मोजमाप एक हवे. सोय एवढीच, की शंका आली तर नदीवरून कारखान्यात जाऊन तो भाग पाहता येत असे.

उभारणी दोन्ही तीरांकडून मध्याकडे सरकत गेली. वरच्या पट्टीवरून सरपटत जाणाऱ्या याऱ्या आपल्यापुढील भाग बसवीत आणि मग त्यावरच पुढे सरकत. अखेरीस टांगत्या भागाचे दोन अर्धे समोरासमोर आले. ते सांधण्यासाठी प्रत्येकी ८०० टन क्षमतेचे १६ जलदाब जॅक लावण्यात आले. ३ फेब्रुवारी १९४३ रोजी पूल रहदारीस खुला झाला.