पान भरलं, अक्षर आलं का?

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की बालरोगतज्ज्ञांकडे एक तक्रार हमखास येते. मूल लिहायलाच बसत नाही, दोन ओळी झाल्या की हात दुखतो म्हणून रडतं. वय विचारावं तर साडेतीन, फार तर चार!

अशाच साडेचार वर्षांच्या एका मुलीला तिची आई दवाखान्यात घेऊन आली. ठिपके जोडून 'क'ची पानंच्या पानं भरलेली वही तिने कौतुकाने पुढे केली. डॉक्टरांनी मुलीला कोरा कागद दिला आणि 'क' काढायला सांगितलं. तिने आधी शिरोरेषा ओढली आणि थांबून आईकडे पाहिलं. पेन्सिल मुठीत गच्च धरलेली, दाबून दाबून बोटांची टोकं पांढरी पडलेली. "घरी सगळं येतं हो हिला," आई म्हणाली. येत होतं ते ठिपके जोडणं.

जितकं जास्त गिरवेल तितकं लवकर लिहायला लागेल, हा समज घराघरांत आणि कित्येक बालवाड्यांतही पक्का बसला आहे. तो चुकीचा आहे. गिरवताना सुरुवात कुठून करायची, वळायचं कुठे, थांबायचं कुठे हे छापील रेघ ठरवते. मूल कधी खालून वर जातं, कधी शिरोरेषेपासून सुरू करतं; पान सुबक दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ मध्ये अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांनी काही अक्षरं स्वतः काढली, काही गिरवली, काही कीबोर्डवर दाबली. नंतर ती अक्षरं पाहताना मेंदूतले वाचनाचे भाग जागे झाले ते स्वतः काढलेल्या अक्षरांसाठी.

म्हणून गिरवणं टाकून द्यायचं का? मुळीच नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहात मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटं फिरवत असत. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बिया, पानं, शंख-शिंपले मुलांच्या हाती दिले. हात आधी तयार होई, पेन्सिल नंतर येई.

साधारण तिसऱ्या वर्षी मूल पाहून गोल काढतं, चौथ्या वर्षी अधिकचं चिन्ह, पाचव्याच्या आसपास चौकोन आणि त्रिकोण. अधिकचं चिन्हही न जमणाऱ्या मुलाकडून मुळाक्षरांची पानं भरून घेणं म्हणजे त्याला रडवणं.

मोबाइलवर मनगटाचा एक्स-रे फिरतो आणि खाली लिहिलेलं असतं की हाडं भरेपर्यंत पेन्सिल देऊ नका. मनगटाची हाडं एक्स-रेत उशिरा दिसतात हे खरं. आठांपैकी शेवटचं तर नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. पण लिहिणं अडतं ते बोटांवरच्या ताब्यामुळे आणि डोळा-हाताच्या मेळामुळे. खडू, रंग आणि रेघोट्यांना बंदी नको.

कणीक मळू द्यावी, मटार सोलू द्यावेत, मणी ओवू द्यावेत. ताटात रवा पसरून बोटाने अक्षर काढून घ्यावं. रंगीत खडूचा छोटा तुकडा दिला की मूठ आपोआप सुटते आणि चिमूट जमते. गिरवायचंच असेल तर मोठ्यांनी आधी अक्षर काढून दाखवावं, मुलाने ते एक-दोनदा गिरवावं आणि लगेच शेजारच्या कोऱ्या जागेत स्वतः काढावं. पाच मिनिटं पुरेत. खुर्चीवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवावा.

खाचांमधून पेन फिरवायच्या 'जादूच्या वह्या', आठवड्यात सुंदर अक्षराची हमी देणारे व्हिडिओ आणि बुद्धी वाढवणारी सिरपं यांवर पैसे घालवू नयेत. डाव्या हातावर फटके मारून उजवा वापरायला लावणं तर ताबडतोब थांबवावं. डावखुरेपणा हा आजार नाही.

सहा-सात वर्षांपर्यंत अंक किंवा अक्षर अधूनमधून उलटं निघालं तर घाबरू नये. पेन्सिल तीनऐवजी चार बोटांत धरली, पण हात दुखत नाही आणि अक्षर वाचता येतं, तर तीही चालते.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबायचं नाही. दीड वर्षाच्या आतच मूल एकच हात वापरू लागलं, तर दुसऱ्या हातात कमजोरी आहे का ते तपासावं लागतं. येत असलेलं काम मूल विसरू लागलं, हात थरथरतो, वारंवार पडतं, जिना चढताना मांडीवर हात टेकतं, वहीत नाक खुपसतं किंवा मान तिरकी करून पाहतं, पाच वर्षं उलटूनही गोल काढता येत नाही की मोठं बटण लावता येत नाही, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. सात-आठ वर्षांनंतरही वाचन आणि लेखन दोन्ही मागेच राहिलं, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अशा मुलांची मोफत तपासणी होते. जाताना गिरवलेल्या वह्या नकोत. मुलाने कोऱ्या कागदावर मनाने काढलेली दोन-चार चित्रं आणि अक्षरं सोबत न्यावीत.