हिरड्याची शाई आणि रानातील चित्रे

चित्रकलेच्या तासाला गुरुजींनी फळ्यावर कमळ काढावे आणि चाळीस पाट्यांवर तेच कमळ उमटावे, ही आपली जुनी रीत. प्रस्तुत लेखकानेही ती अनेक वर्षे चालविली. त्याने मुलांचा हात वळतो, पण डोळा वळत नाही.

शाळेत रंगपेटी नाही, ही उणीव मानू नये. रंगाने आकाराची चूक झाकली जाते. एकट्या काळ्या शाईने ती झाकत नाही. पाकळ्या मोजाव्या लागतात, शीर कोठे फुटते ते पाहावे लागते.

ही शाई वर्गातच करता येते. महाबळेश्वर-पाटणच्या डोंगरांत हिरडा विपुल आहे. हिरड्याची साल कुटून पाण्यात उकळावी, गाळावी, त्यात चिमूटभर हिराकस व बाभळीचा थोडा डिंक घालावा. ताजी रेघ काहीशी फिकी दिसते. हवा लागताच गडद होत जाते. हिरड्यातील तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग होतो आणि हवेतील प्राणवायूने तो काळा पडतो. विज्ञानाचा पाठ येथेच झाला! हिराकस मात्र शिक्षकांनीच हाताळावे. ते अधिक झाल्यास कागद खाते.

दुसरी शाई काजळीची. तेलाच्या दिव्यावर धरलेल्या ताटलीची काजळी डिंकाच्या पाण्यात खलावी. बंगळूरच्या ग्रॅव्हिकी लॅब्ज या संस्थेत अनिरुद्ध शर्मा व सहकाऱ्यांनी वाहनांच्या धुरातील काजळी शुद्ध करून शाई बनविली आणि चित्रकारांनी तिने चित्रे काढली. ही हकिकत मुलांना सांगून गावच्या गुऱ्हाळाचा धूर कोठे जातो, हे विचारावे. वाहनांची काजळी मात्र शाळेत गोळा करू नये. तीत घातक द्रव्ये असतात.

आता चित्राचा विषय. साताऱ्याजवळील कास पठाराचा २०१२ साली जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. तेथे फूल तोडण्यास मनाई आहे. म्हणून वही घेऊन जावे. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या केसांवरील चिकट थेंब टिपण्यास बारीक टाक हवा. जत-आटपाडीच्या शिक्षकांना इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. माळावरील तरवडाच्या पिवळ्या फुलातील केसर सारख्या लांबीचे नसतात, हे चित्र काढू लागल्यावरच मुलांच्या ध्यानी येते.

चित्राखाली दिनांक, ठिकाण व झाडाचे गावातील नाव लिहवून घ्यावे. चुकलेली रेघ खोडू नये. शेजारी दुसरी काढावी.