'जात असे' आणि 'जात होतो' : इंग्रजीत कसे सांगावे?

स्मरणिका उघडली की आठवणींची भाषा कानी पडते. 'आम्ही पहाटे उठत असू', 'ताट घेऊन रांगेत उभे राहायचो', 'दिवे गेले तेव्हा आम्ही अभ्यास करत होतो', ही वाक्ये मराठीत आपण सहज बोलतो. तीच इंग्रजीत सांगण्याची वेळ आली, की पदवीधरही अडखळतात. म्हणून गतकाळातील सवय आणि गतकाळात चालू असलेली क्रिया यांतील भेद आम्ही येथे मांडत आहोत.

मराठी व्याकरणात 'जात असे' हा रीतिभूतकाळ आणि 'जात होतो' हा अपूर्ण भूतकाळ. परंतु बोलताना आपण 'होतो' हे रूप दोन्हींसाठी वापरतो. 'लहानपणी मी रोज शाळेत चालत जात होतो' या वाक्यात 'होतो' असले तरी अर्थ सवयीचा आहे. त्याचे शब्दशः 'आय वॉज वॉकिंग टु स्कूल एव्हरी डे' असे भाषांतर केले, की चूक होते. योग्य वाक्य : 'आय यूज्ड टु वॉक टु स्कूल.'

यासाठी एक सोपी कसोटी आहे. 'होतो'च्या जागी 'असे' किंवा 'असू' घालून पाहावे. अर्थ तोच राहिला तर ती सवय. 'त्या क्षणी' हे शब्द जोडता आले तर ती चालू क्रिया.

१. संपलेली सवय
'यूज्ड टु'नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते. ही गोष्ट पूर्वी होती, आता नाही, असे त्यातून सूचित होते. या अर्थी उच्चार 'यूस्ट टु'सारखा होतो व 'ड' ऐकू येत नाही. म्हणून लिहिताना शेवटचे 'डी' अक्षर गळते. ते लिहिलेच पाहिजे. मात्र 'डिड' आले की ते जाते : 'डिड यू यूज टु लिव्ह हिअर?'

२. 'वुड'चा उपयोग
काळ एकदा स्पष्ट झाला, की पुन्हापुन्हा घडणाऱ्या कृतीसाठी 'वुड' चालते : 'ऑन संडेज वी वुड वॉश अवर क्लोद्ज.' पण स्थिती सांगताना ते चालत नाही. 'वसतिगृहामागे कडुनिंब असायचा' याचे इंग्रजी 'देअर यूज्ड टु बी अ नीम ट्री बिहाइंड द हॉस्टेल' असेच होईल.

३. चालू असलेली क्रिया
येथे 'वॉज' किंवा 'वेअर' आणि 'आयएनजी'चे रूप येते : 'वी वेअर स्टडीइंग व्हेन द लाइट्स वेंट आउट.' अभ्यास चालू होता. दिवे जाण्याची क्रिया मध्येच घडली, म्हणून ती साध्या भूतकाळात. जाणणे, समजणे, हवे असणे अशा क्रियापदांना सहसा 'आयएनजी' लागत नाही. 'मला माहीत होते' म्हणजे 'आय न्यू'. 'आय वॉज नोइंग' नव्हे.

४. संख्या किंवा कालावधी दिलेला असल्यास
किती वेळा किंवा किती वर्षे हे सांगितले, की साधा भूतकाळ घ्यावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. येथे 'ही स्टडीड' म्हणावे, 'ही यूज्ड टु स्टडी' नव्हे.

५. दिसायला सारखे, अर्थाने वेगळे
'आय ॲम यूज्ड टु गेटिंग अप अर्ली' म्हणजे लवकर उठणे माझ्या अंगवळणी पडले आहे. येथे 'टु'नंतर 'आयएनजी' येते. आणि आजही चालू असलेल्या सवयीला साधा वर्तमानकाळ पुरतो : 'आय गेट अप ॲट फाइव्ह.'

हा भेद केवळ गुणांपुरता नाही. वडील रक्तदाबाची गोळी रोज घेत असताना मुलाने डॉक्टरांना 'ही यूज्ड टु टेक धिस टॅब्लेट' असे सांगितले, तर गोळी बंद आहे असा समज होईल. म्हणावयाचे असते 'ही टेक्स'. मुलाखतीत 'आय यूज्ड टु वर्क देअर' म्हटले, की उमेदवाराने ती नोकरी सोडली असे समोरचा धरून चालतो.

सराव
(अ) आजी जात्यावर दळत असे. (आ) पाऊस आला तेव्हा आई भात लावत होती. (इ) मी तेथे चार वर्षे राहिलो.

उत्तरे : (अ) 'ग्रँडमदर यूज्ड टु ग्राइंड ग्रेन ऑन अ स्टोन मिल.' (आ) 'मदर वॉज प्लांटिंग राइस व्हेन द रेन केम.' (इ) 'आय लिव्ह्ड देअर फॉर फोर इयर्स.'

पालकांनी आपल्या बालपणाची पाच वाक्ये रोज मराठीत सांगावीत आणि मुलांनी ती इंग्रजीत लिहावीत. पालकांना इंग्रजी येत नसले तरी हरकत नाही. ती सवय होती की त्या क्षणी चाललेली क्रिया, हे मुलांना त्यांच्याइतके नेमके दुसरे कोण सांगणार?