भाकरी सोडू नका, ताई

प्रश्न : सहावा महिना चालू आहे. ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी तपासलं, साखर १५६ आली. घरात कुणालाच मधुमेह नाही. सासूबाई म्हणतात, भाकरी बंद कर. काय करू?
– एक वाचक, उमापूर (ता. गेवराई)

उत्तर : ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. वारेतून स्रवणारी संप्रेरकं या दिवसांत इन्सुलिनचा जोर कमी करतात. घरात मधुमेह नसला तरी हे होतं. ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर १४० किंवा जास्त आली, की तो गरोदरपणातला मधुमेह.

भाकरी मात्र सोडू नका. उपाशी राहणं तुम्हालाही बाधतं, बाळालाही. बाजरीची एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, पालेभाजी. थोडं थोडं, पण वेळेवर. गुळाचा चहा आणि उसाचा रस बंद. डॉक्टरांची हरकत नसेल तर जेवणानंतर चाला.

दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा. जेवणानंतर दोन तासांनी १२०च्या आत हवी. नसली तर डॉक्टर गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू करतील. इन्सुलिनची भीती बायकांच्या तोंडून मी सतत ऐकते, म्हणून ठासून सांगते : ते वार ओलांडून बाळापर्यंत पोचत नाही. तुमची वाढलेली साखर मात्र पोचते आणि बाळ अवाजवी वाढतं.

बाळंतपण दवाखान्यातच करा. सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅमची तीच तपासणी पुन्हा करून घ्या.