पाण्यातून अंडी वाढतात का?

छत्रपती संभाजीनगर

चि. बाळास,


फुलंब्रीच्या शेडातली बटेरांची अंडी घटली आणि दुकानदाराने लिक्विड कॅल्शियम, इलेक्ट्रोलाइट आणि ॲसिडिफायर अशा तीन बाटल्या दिल्या, असं कळलं. तिन्ही एका टाकीत ओतू नकोस. पाण्यातलं औषध अंडी घालत नाही. ते फक्त पक्ष्याच्या अडचणीच्या वेळी आधार देतं.

कॅल्शियमचाच हिशेब बघ. अंड्यावरची मादी दिवसाला साधारण 25 ग्रॅम खाद्य खाते आणि त्यात 2.5 ते 3 टक्के कॅल्शियम लागतं. म्हणजे रोज पाऊण ग्रॅमच्या आसपास. ती पाणी पिते जेमतेम 50 मिली. एवढ्याशा पाण्यातून तेवढं कॅल्शियम जायचं तर लिटरमागे 15 ग्रॅम विरघळवावं लागेल. बाटलीच्या मात्रेत ते कुठून येणार? कवच पातळ येत असेल तर लेअर खाद्य बदल, शिंपल्यांचा बारीक चुरा दे. बटेर बहुतेक अंडी दुपारनंतर संध्याकाळपर्यंत घालते आणि पुढच्या अंड्याचं कवच रात्रीतून भरतं, म्हणून संध्याकाळचं खाद्य चुकवू नकोस. प्रकाशही 14 ते 16 तास हवा. थंडीत दिवस लहान झाला की अंडी घटतात, त्यावर कुठलीही बाटली चालत नाही.

इलेक्ट्रोलाइट आणि क जीवनसत्त्व खरोखर कामाला येतात ते एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीपार गेल्यावर. धापा टाकणारा पक्षी खाद्य सोडतो आणि पाणीच पितो. पण तेव्हा पाणी दुपटीने प्यायलं जातं, म्हणजे औषधही दुपटीने पोटात जातं. म्हणून दिवसभराच्या टाकीत नको, तीन-चार तासांत संपेल एवढ्याच पाण्यात सकाळी घाल आणि मग साधं थंड पाणी दे. क जीवनसत्त्व पाण्यात तासातासाने निकामी होत जातं, तेव्हा उरलेलं ओतून टाक.

आपल्याकडच्या काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी बऱ्याचदा जड असतं. जड पाणी ॲसिडिफायरचा जोर खातं आणि आधीच खारट असलेल्या पाण्यात इलेक्ट्रोलाइट घातलं की हगवण लागते. म्हणून बाटलीआधी पाणी तपास. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. ॲसिडिफायर द्यायचंच ठरलं तर पत्र्याच्या भांड्यात देऊ नकोस, पत्रा गंजतो. प्रोबायोटिक देशील त्या दिवशी क्लोरीन बंद ठेव, नाहीतर पैसे देऊन आणलेले जिवाणू टाकीतच मरतील. आणि निप्पलच्या नळ्या आतून हात लावून बघ. जीवनसत्त्वं आणि साखर घातलेल्या पाण्याने बुळबुळीत थर धरतो आणि त्यातून पक्षी आजारी पडतात. मला तर तुझ्या शेडात पहिला संशय या नळ्यांवरच येतो.

अंडी वाढावीत म्हणून अँटिबायोटिक मात्र पाण्यात घालायचंच नाही. कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर 2019 साली अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांपुरती बंदी आली. दहा ग्रॅमचं अंडं लहान मुलांना चारलं जातं, औषधाचा अंश त्यांच्या पोटात जाऊ नये.

या आठवड्यात नळ्या धुऊन काढ आणि रोज खाद्य, पाणी, अंडी वहीत लिही. पाण्याचा अहवाल आला की क्षारांचा आकडा मला कळव, मग इलेक्ट्रोलाइटची मात्रा आपण बसून ठरवू.

तुझा मामा