पॉलिएस्टरवरील छपाई : पांढरे आकडे गुलाबी का पडतात?

लाल पॉलिएस्टरच्या जर्सीवर पांढरे आकडे छापले, माल भट्टीतून स्वच्छ निघाला, गठ्ठे बांधून पार्टीकडे गेला. आणि दोन दिवसांनी तक्रार आली की आकडे गुलाबी पडले! स्क्रीन प्रिंटिंगमध्ये नव्याने उतरणाऱ्या आपल्या तरुणांना हा फटका हमखास बसतो. मग शाईवाल्याशी भांडण होते. आमच्या पाहण्यात दोष बहुधा उष्णतेचा असतो.

सुती धागा हवेतील ओलावा सुमारे साडेआठ टक्के धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून पॉलिएस्टर साध्या पाण्यात रंगत नाही. बंद यंत्रात, दाबाखाली, सुमारे १३० अंश सेल्सिअसला डिस्पर्स रंग त्यात शिरवतात. उष्णतेने आत गेलेला रंग उष्णतेनेच बाहेर येतो. नेहमीची प्लास्टिसॉल शाई पक्की व्हायला १६० अंशांच्या आसपास उष्णता लागते. तेवढ्यात कापडाचा रंग सुटून शाईत मिसळतो. शाईतील तेलकट द्रव्य तो पुढेही ओढत राहते, म्हणून डाग उशिरा दिसतो.

उपाय असे :

१. पॉलिएस्टरसाठीची, १३० अंशांच्या जवळपास पक्की होणारी शाई घ्यावी. शाई साफ कच्ची ठेवणे हा उपाय नव्हे. ती धुण्यात निघते.

२. लाल, मरून अशा गडद कापडावर आधी राखाडी ब्लॉकरचा थर द्यावा, त्यावर पांढरा.

३. भट्टीच्या काट्यावर विसंबू नये. कापडावर पट्टी चिकटवून शाईपाशी किती उष्णता पोहोचते ते पाहावे.

४. गरम माल एकावर एक रचू नये. थंड झाल्यावरच घडी घालावी.

५. प्रत्येक लॉटचा तुकडा छापून दोन-तीन दिवस वजनाखाली ठेवावा. एकाच छटेच्या दोन लॉटांचा रंग वेगळा वागतो.

ब्लॉकर म्हणजे एक स्क्रीन, एक हात आणि एक वाळवण जास्त. हा खर्च भाव सांगतानाच धरावा. स्वस्तात ऑर्डर घेऊन ब्लॉकर गाळणारा नफा नव्हे, पार्टी गमावतो.

आणि नमुन्यात गुलाबी झाक दिसलीच, तर माल पाठवण्याआधी पार्टीला दाखवावी. ऐब लपवून विकलेल्या मालात बरकत नसते. ऐब सांगून विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.